सहा लिटर रेझिन आणि हलव्याचे दागिने

रेझिनमध्ये वरमाला जपून ठेवायला जी जोडपी माझ्याकडे येतात, त्यांना माझा पहिला प्रश्न असतो, "लग्नाला किती दिवस झाले?" दोघं लाजतात. ती म्हणते, "ट्वेंटी टू." तो म्हणतो, "ट्वेंटी थ्री ना?" आणि माझ्यासमोरच एक लहानसं भांडण होतं. मला त्यांच्या संसाराशी काही घेणंदेणं नसतं. फुलं कितपत सुकली असतील एवढंच हवं असतं. ओली फुलं रेझिनमध्ये घातली की ती आत शिजतात, आणि मग लोक मला विचारतात, "मॅम, आमची गुलाबं भाजीसारखी का दिसतायत?"

हडपसरला एका गल्लीच्या टोकाशी पत्र्याची शेड आहे. तिच्या अर्ध्या भागात मोरेश्वर सुतार आहे आणि अर्ध्या भागात मी. मोरेश्वर चंद्रपूरकडचा, पंचेचाळिशीचा. लाकूड त्याचं, ओतल्यावर पारदर्शक दगडासारखं घट्ट होणारं रेझिन माझं. मध्ये निळी काचेसारखी नदी वाहते ना, ती टेबलं आम्ही मिळून करतो. बाकी लोक काय काय घेऊन येतात ते विचारू नका. बाळाची नाळ, पहिला दात, मोडलेला पहिला मोबाइल. एका गृहस्थांनी वडिलांची कवळी आणली होती. ती हसरी दिसेल अशी बसवा, म्हणाले. बसवली.

त्याआधी सव्वीस वर्षं मी जवळच्याच एका कारखान्यात होते. छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या डब्यात रेझिन ओतून तो बंद करायचा, म्हणजे आतल्या तारांना पाणी लागत नाही, हे आमच्या विभागाचं काम. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, मी गेले नाही. निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ पहिल्या दिवसापासून बंद होतं. तक्रार करायला कारखानाच उरला नव्हता.

माझ्या कामात रंग, फुलं, सोनेरी वर्ख हे सगळं नंतरचं. खरं काम उष्णता सांभाळायचं. रेझिन आणि हार्डनर, दोन पातळ द्रव, एकत्र ढवळले की ते घट्ट व्हायला लागतात, आणि घट्ट होताना स्वतःच तापतात. कुणी आग लावावी लागत नाही. पातळ थर असेल तर ऊब वरच्या वर निघून जाते. जाड थर असेल तर मधल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. तापलं की ते जास्त वेगाने घट्ट होतं, वेगाने घट्ट झालं की आणखी तापतं. बराच वेळ काही झालेलं दिसत नाही, आणि मग दहा मिनिटांत सगळं हाताबाहेर जातं. पिवळं पडतं, तडकतं, धूर काढतं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे बादली, कारण तिथे सगळा ऐवज एका ठिकाणी गोळा झालेला असतो. म्हणून नियम साधे आहेत. सकाळी लवकर, गारव्यात ओतायचं. थराथराने ओतायचं आणि दोन थरांमध्ये वाट बघायची. आणि एकदा मिसळलं की बादलीत ठेवून कुठेही जायचं नाही.

हे नियम न पाळणाऱ्यांचे फोन मला येतात. एक आयटीतला मुलगा, सतराव्या मजल्यावर राहणारा, बायकोच्या वाढदिवसाला घरीच टेबल करायला बसला. माझ्याकडून एकदा डबा नेला होता, तेवढीच ओळख.

"मॅम, इट्स स्मोकिंग!"

"कोण? तुम्ही की रेझिन?"

"रेझिन! बादली बेंड होतेय!"

"बाल्कनीत नेऊन ठेवा. तोंड लांब ठेवा. पाणी ओतू नका, झाकण लावू नका. आणि दार बंद करून आत बसा."

"पण मॅम, वाइफ यायचीय अर्ध्या तासात."

"मग तिलाही आत बसवा."

बादली वितळून बाल्कनीच्या फरशीला चिकटली ती चिकटलीच. धूर बघून सोसायटीने दुसऱ्या दिवशी फलक लावला, "बाल्कनीत होमहवन करण्यास सक्त मनाई आहे." तो मुलगा आता त्या गोळ्याला शिल्प म्हणतो.

ही गोष्ट मी वर्षभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितली. रंगवून सांगितली. पुढचं मात्र फार थोड्यांना सांगितलंय.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी शेडसमोर रिक्षा थांबली आणि दोघी उतरल्या. एक पन्नाशी ओलांडलेली, बँकेत अधिकारी. तिचं नाव स्मिता. दुसरी तिची आई, इंदूताई. पेठेतल्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, उजवा हात मात्र सारखा थरथरत होता. स्मिताच्या हातात साडीचा खोका होता. तो तिने माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी झाकण काढलं.

आत हलव्याचे दागिने होते. संक्रांतीला नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला घालतात ते. हार, तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, कानातली, बिंदी, कंबरपट्टा. दाणा बारीक, पांढराशुभ्र, आणि प्रत्येक दाण्यावर काटा असा उभा की मी चष्मा बदलून पुन्हा पाहिला.

"आईने चाळीस वर्षं हे केलं," स्मिता म्हणाली. "पुण्यातल्या निम्म्या सुनांच्या पहिल्या संक्रांतीला आईचे दागिने होते. हा शेवटचा सेट. आता हात चालत नाही तिचा. पावसाळ्यात साखर पाझरते, मुंग्या लागतात. म्हटलं, आपल्याकडे द्यावा. कायमचा राहील."

"साखर खायची असते," इंदूताई म्हणाल्या. "मी काय लेणी खोदलीयेत, पुढच्या पिढ्यांनी येऊन बघायला?"

"आई!"

"आणि या बाई त्यात काय ओतणार ते विचार. वास बघ कसला मारतोय इथे. झुरळांच्या औषधासारखा."

"वास दोन दिवसांत जातो," मी म्हटलं.

"आणि झुरळं?"

मला त्या तिथेच आवडल्या. एप्रिलच्या शेवटी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचा कार्यक्रम. स्मिताला तो ठोकळा त्या दिवशी सगळ्यांसमोर ठेवायचा होता. मी दागिने एकेक करून कागदावर मांडले, यादी केली आणि सहज विचारलं, "मंगळसूत्र राहिलं का हो घरी?"

स्मिता भिंतीवरची आग विझवण्याची सूचना वाचायला लागली.

"राहिलं नाही," इंदूताई म्हणाल्या. "केलंच नव्हतं."

सव्वीस वर्षं ट्रान्सफॉर्मरबरोबर काढलेल्या बाईला यात काही कळायचं नव्हतं. मी यादीत मंगळसूत्रापुढे फुली मारली आणि पुढे बोलत राहिले.

दागिने आडवे पसरून न ठेवता अंगावर घातल्यासारखे उभे दिसावेत, असं ठरलं. खाली कंबरपट्टा आणि बांगड्या, मध्ये बाजूबंद, वर हार, तन्मणी, कानातली, बिंदी. म्हणजे ठोकळा चांगला वीतभर उंच. एवढा उंच ठोकळा एकदम ओतायचा नसतो, हे आमच्या मोरेश्वरलाही माहीत होतं. साखर सच्छिद्र असते, त्या छिद्रांतली हवा बुडबुडे काढते. म्हणून आधी प्रत्येक दागिन्याला ब्रशने रेझिनचे दोन पातळ हात दिले. त्यातच दोन आठवडे गेले. शेडमध्ये मुंग्यांची रांग लागली.

"मॅडम," मोरेश्वर म्हणाला, "सागाले वाळवी लागते हे मले माहीत हाये. रेझिनले मुंग्या म्या पयल्यांदा पाहून रायलो."

खालचे दोन थर मार्चमध्ये झाले. सकाळी सातला ओतले, पंखे लावले, दर अर्ध्या तासाने टेंपरेचर गनने मोजलं. काचेसारखे झाले. मी मोबाइलवर फोटो काढून स्मिताला पाठवला. तिने उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवलं, आणि मला माझाच फार अभिमान वाटला.

मग मी सांगलीला भाचीच्या लग्नाला गेले. चार दिवसांचे दहा झाले. परत आले तेव्हा एप्रिल अर्ध्यावर आला होता आणि शेडचा पत्रा दुपारी हात लावू देत नव्हता. वरचा भाग दोन थरांत करायचा, मध्ये दोन-तीन दिवस सोडायचे, असं माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. पण पॉलिश करायचं बाकी होतं, एक टेबल द्यायचं होतं, दिवस मोजून हातात. मी ठरवलं की एकदमच ओतू. डब्यावर लिहिलं होतं की एवढी जाडी चालते. डब्यावर लिहिणारा माणूस गार खोलीत बसून लिहितो, तो काही हडपसरच्या पत्र्याखाली येऊन बघत नाही. हेही मला माहीत होतं. हे वाक्य मी स्वतः लोकांना ऐकवते.

सकाळी सातला ओतायचं होतं, पण टेबल न्यायला येणारा टेम्पो दहाला आला. अकराला मी सहा लिटर रेझिन मिसळलं. कॅन रात्रभर पत्र्याला टेकून होते. आधीच कोमट. तेवढ्यात फोन वाजला. एक वरमालावाली.

"मॅम, वरमालेच्या मध्ये आमच्या डॉगीचा फोटो टाकता येईल का?"

"येईल."

"आणि मिस्टरांचा?"

"तोही येईल."

"नाही, मग डॉगीचाच टाका."

आवाज नीट येत नव्हता म्हणून मी बाहेर गेले. डॉगीचा फोटो कुठल्या कोनातून घ्यायचा यावर आमची पाऊण तास चर्चा झाली. मी आत आले तेव्हा बादली उबदार लागली. गन लावली. अठ्ठेचाळीस.

कारखान्यात कुणी अशी बादली माझ्यासमोर आणली असती, तर मी त्याला दहा माणसांत झाडला असता. ते रेझिन टाकायचं. बाहेर नेऊन रिकाम्या ट्रेमध्ये पातळ पसरायचं आणि विसरून जायचं. मी बादलीकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझ्या हातून निभावेल. आणि ओतलं.

वीस मिनिटं काही झालं नाही. मी चहा घेतला. मग गन बासष्ट म्हणाली. मग ऐंशी. मोरेश्वर रंधा ठेवून आला.

"मॅडम, काहून एवढं तापून रायलं जी?"

"पंखे आण. सगळे."

एकशे पाच झालं तेव्हा आम्ही दोघांनी साचा उचलून दाराबाहेर सावलीत आणला. बाजूंना ओली पोती गुंडाळली. आत पाणी जाऊ नये म्हणून मी वर वाकून उभी होते, तेवढ्यात माझ्या नाकासमोर टण् असा आवाज झाला आणि एक तडा वरून खालपर्यंत धावत गेला. मग धूर आला. मी रेझिनचा धूर आयुष्यभर ओळखत आले. या धुरात दुसरा एक वास मिसळला होता. पुरण खाली लागल्याचा, साखर करपल्याचा.

मोरेश्वरने हुंगलं. "हे तं गुऱ्हाळ झालं, मॅडम," तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून पोती पुन्हा भिजवायला गेला.

संध्याकाळी ठोकळा निवला. खालचे दोन थर जसेच्या तसे. बांगड्या, कंबरपट्टा, बाजूबंद पांढरेशुभ्र. वरचा भाग कडक चहासारखा तपकिरी, मधोमध तडा, आणि त्यात हार, तन्मणी, कानातली, बिंदी. दागिन्यांना मागून आधाराला लावलेला काळ्या कापडाचा पुठ्ठा वाकलेला. दाणे होरपळलेल्या शेंगदाण्यांसारखे.

मोरेश्वरने माझ्यासाठी स्टूल आणलं. मग म्हणाला, "दुकानातून दुसरा सेट आणा. नवीन ठोकळा भरून देऊ. पोरीले का समजते? अन् म्हातारीले धड दिसत बी नसन."

हे मी ऐकून सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी गावात गेले आणि तीन दुकानं फिरून संक्रांतीचा एक उरलेला सेट मिळवला. दुकानदाराने एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि एकदा कॅलेंडरकडे पाहिलं, पण पुणेरी माणूस असूनही काही बोलला नाही, इतका मी चेहरा पाडला असणार.

शेडमध्ये येऊन मांडून बघितला. दाणे मोठे, गुळगुळीत, होमिओपॅथीच्या गोळ्यांसारखे. ठीक आहे, म्हटलं, रेझिनमधून एवढं कोण बघतंय. फक्त त्यात मंगळसूत्र होतं, आणि मूळ सेटमध्ये नव्हतं, म्हणून ते काढायला हवं होतं. मी कात्री घेतली. मंगळसूत्र हारालाच शिवलेलं होतं. दोरा चिमटीत धरला, आणि कात्री तशीच राहिली.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सुनांचे दागिने केलेल्या बाईने हात जायच्या आधी एक सेट केला, कुणाची मागणी नसताना. मोठ्या माणसाच्या मापाचा. आणि त्यात मंगळसूत्र केलं नाही. तो लग्न न केलेल्या लेकीसाठी होता, हे मला त्या क्षणी कळलं. फेब्रुवारीपासून तो माझ्या टेबलावर होता.

मी कात्री ठेवली. दुकानातला सेट मोरेश्वरच्या पोरींना दिला. त्यांनी तो दोन दिवसांत खाल्ला. आणि करपलेला ठोकळा जुन्या चादरीत गुंडाळून मी रिक्षाने पेठेत गेले.

दार स्मिताने उघडलं. मी ठोकळा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि चादर काढली. मनात तयार केलेलं एकही वाक्य आठवेना.

"माझ्या चुकीने जळलं," मी म्हणाले. "रेझिन बादलीतच तापलं होतं. मला कळलं होतं. तरी ओतलं."

स्मिता ठोकळ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आपण सव्वीस वर्षं हेच करत होतात म्हणून आपल्याकडे आले मी. नाहीतर घरी काचेच्या कपाटात ठेवले असते." आणि आत निघून गेली. तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

इंदूताई खुर्ची ओढत टेबलाशी आल्या. ठोकळ्यावरून हात फिरवला. नाक जवळ नेऊन हुंगलं.

"किती ओतलंस एकदम?" मी त्यांच्यासाठी 'बाई'ची 'तू' झाले होते.

"सहा लिटर."

"आणि हे काय ओततेस ते, घट्ट होताना आपणहून तापतं?"

"हो."

"मग एकदम कसं ओतलंस गं?" त्यांना खरोखरच कुतूहल वाटलं होतं. "हलव्याला आम्ही चमचा चमचा पाक घालतो. एक चमचा घालायचा, तो सुकेपर्यंत बोटं फिरवायची, मग दुसरा. विस्तव जास्त झाला की काटा वितळतो. कमी पडला की काटा येतच नाही. ओंजळभर दाण्याला चार दिवस लागतात. घाई केली की त्याचा लाडू होतो." त्यांनी ठोकळ्यावर टिचकी मारली. "तुझा लाडू झालाय."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही लपवायला रुमाल एकच होता.

स्मिता दारात येऊन उभी राहिली होती. "आई, तू हसतेस काय? शेवटचे होते ते."

"मी तुला काय सांगितलं होतं? संक्रांतीला सकाळी खोका काढून ठेवला. काळी साडी काढून ठेवली. घाल म्हटलं."

"चोपन्न वर्षांची आहे मी. कोण घालतं या वयात? लोक हसले असते."

"लोक होते कुठे घरात? आपण दोघीच होतो."

"मग मला त्यात बघणार तरी कोण होतं?"

"मी," इंदूताई म्हणाल्या.

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला स्कूटर लावण्यावरून सुनावत होतं, ते सगळं सविस्तर ऐकू आलं. मग इंदूताई म्हणाल्या, "स्मिते, माळ्यावरची परात काढ. आणि ती विजेची शेगडी."

"आता? चैत्रात? थंडी असल्याशिवाय काटा येत नाही, तूच म्हणतेस."

"तुझ्या खोलीत एसी आहे ना? का तो फक्त बँकेतल्या लोकांसाठी आहे?"

"आणि तुझा हात?"

"हलव्याला हात हलताच लागतो," इंदूताई म्हणाल्या. "माझा आता न सांगता हलतो." मग माझ्याकडे वळल्या. "तू उद्या सहाला ये. केस बांधून. आणि हा तुझा लाडू घेऊन जा इथून. दुकानात समोर ठेव. येणाऱ्याला दिसू दे."

तो आजही शेडच्या दाराशी आहे. लोक विचारतात, "मॅम, हा कुठला इफेक्ट?" मी सांगते, "मी जाळलाय."

आमच्याकडे आठ दिवस होते. रोज सकाळी सहा ते नऊ मी स्मिताच्या खोलीत. एसी सोळावर, खिडक्यांना चादरी, पलंगावर वर्तमानपत्रं, आणि एप्रिल महिन्यात आम्ही तिघी स्वेटर घालून परातीभोवती बसलेल्या. स्मिताच्या डोक्याला कानटोपी. कामवाल्या बाईने पहिल्या दिवशी दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता परत लावून घेतलं.

परातीत खसखस आणि तीळ. शेगडी मंद. इंदूताईंनी माझा हात धरून परातीत ठेवला. "बोटांच्या टोकांनी. तळव्याने नाही. पोळी लाटतेस का?" मी टेंपरेचर गन काढली तर म्हणाल्या, "ते पिस्तूल पर्समध्ये ठेव. इथे कुणी पळून जात नाहीये." दर चमच्याला त्या दाण्यांवर हात ठेवत, वाट बघत, आणि म्हणत, "थांब." मग, "अजून थांब." माझी बोटं पोळली, टोकं लाल झाली. आयुष्यभर मी उष्णतेचे आकडे वाचले. तिथे आकडे नव्हते. त्यांचा थरथरता हात परातीत गेला की आपोआप गोल फिरायचा आणि दाणे त्याच्या मागे धावायचे. बाहेर कप धरू न शकणारा हात परातीत मात्र अगदी कामाचा होता.

दोन दिवस दाणे नुसतेच फुगले. तिसऱ्या दिवशी स्मिताने चष्मा पुसून परातीत वाकून पाहिलं. "आई, हे बघ."

इंदूताईंनी एक दाणा जिभेवर ठेवून फिरवला. "आला," म्हणाल्या. "बोचतोय."

ओवायचं काम त्यांना जमणार नव्हतं. दाण्याला पाकाचा थेंब लावून दोऱ्यावर बसवायला हात स्थिर लागतो. ते स्मिताने केलं. नोटा मोजलेली तिची बोटं, पहिला हार वाकडा झाला, तो तिने उसवला. दुसराही उसवला. इंदूताई शेजारी बसून बोलत राहिल्या. "गाठ आत घे. आत. लोकांना काय गाठी दाखवायच्यात?" शेवटी एक लहान हार, दोन बांगड्या, कानातली आणि बिंदी झाली. खरं सांगायचं तर काटा त्या पहिल्या दागिन्यांइतका नव्हता. ते तसे पुन्हा होणार नव्हते, हे तिघींनाही माहीत होतं आणि त्यातल्या एकीमुळे, हेही. स्मिता माझ्याशी शेवटपर्यंत अगदी नम्रपणे बोलली. एकदाही 'अगं' म्हणाली नाही. ते मी मागण्यासारखंही नव्हतं.

कार्यक्रम एका छोट्या हॉलमध्ये होता, भर दुपारी. दोन-तीन नातेवाईक बायकांनी स्मिताला दारातच पाहिलं. काळी साडी, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या, कपाळावर बिंदी. एक जण म्हणाली, "अगं बाई, हे काय?" स्मिताचा चेहरा लाल झाला. क्षणभर वाटलं, ही आता आत जाऊन सगळं काढून येणार. पण ती सरळ चालत आईजवळ गेली.

मग ताटांत एक्याऐंशी दिवे लागले. एप्रिलची दुपार, हॉलचे पंखे बंद, कारण दिवे विझतात, आणि पहिलं ताट स्मिताच्या हातात. मी मागच्या रांगेतून तिच्या गळ्याकडे बघत होते. साखरेला काय होणार ते मला दिसत होतं. मी उठून एक टेबलफॅन तिच्या दिशेने वळवला, तर चार दिवे विझले आणि कुणाच्या तरी काकूंनी मला खाली बसवलं. तोवर एका पुतणीची तीन वर्षांची मुलगी स्मिताच्या मनगटाला लोंबकळून बांगडी चाटायला लागली होती. हाराचे दाणे ओलसर होऊन चमकत होते. घाम आणि पाक एक होऊन तिच्या गळ्यावरून काळ्या साडीत उतरत होते.

स्मिता ओवाळता ओवाळता आईच्या कानाशी वाकली. समोर बसलेल्या आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"आई, चिकटतंय गं सगळं."

इंदूताईंनी तिच्याकडे नीट, सावकाश, वरून खालपर्यंत पाहून घेतलं.

"चिकटू दे," त्या म्हणाल्या.